पावसाआधी गॅरेज आवरा

बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, अनगोळ किंवा निपाणीतल्या नव्या वसाहतींतून एकदा सावकाश चालत जा. गॅरेज बांधलेली घरे पुष्कळ दिसतील आणि त्यांतल्या अनेकांच्या गाड्या रस्त्याकडेला ताडपत्री पांघरून उभ्या असतील. गॅरेजमध्ये काय असते? बांधकामातून उरलेल्या फरश्या, रंगाचे अर्धे डबे, गेल्या दोन-तीन गणपतींची मखरे, बंद पडलेला कूलर, मुलांच्या लहानपणच्या सायकली, गावाकडून आलेली बारदाने आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी हातोडा. घर बांधताना कर्ज काढून उभी केलेली जागा अशी वाया जाते आणि लाखोंची गाडी उन्हापावसात झिजते.

हे चित्र बदलायला फार खर्च लागत नाही. दोन मोकळे दिवस, घरातल्या सगळ्यांची साथ आणि कामाचा बरोबर क्रम पुरेसा आहे. बहुतेकांचे चुकते ते क्रमातच. आधी रॅक विकत आणले जातात आणि मग त्यांवर अडगळच नीट रचली जाते. आधी वस्तू निवडा, मग जागा मोजा आणि सर्वांत शेवटी रॅक घ्या. या लेखातला प्रत्येक सल्ला या एका क्रमावर उभा आहे.

आपल्या हवेचा विचार आधी

बेळगाव सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे आणि सह्याद्रीची रांग जवळच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली ओल हटत नाही. कपड्यांना वास येतो, चामड्यावर बुरशी धरते, लोखंड गंजते. खानापूरकडे जावे तसा पाऊस आणखी वाढतो. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यांनी या भागाला चांगलाच धडा दिला आहे. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या बाजूला शिवारात पसरते. निपाणीजवळ यमगर्णी इथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली, तेही लोकांनी पाहिले. त्यामुळे कोरड्या हवेच्या गावातले गॅरेज जसे लावतात, तसे इथे लावून चालणार नाही.

इथे दोन नियम पक्के धरावेत. कोणतीही वस्तू थेट जमिनीवर ठेवू नये आणि कोणतीही वस्तू भिंतीला टेकवू नये. वखारीत माल साठवणाऱ्यांचा हा जुना नियम आहे. ते पोत्यांखाली लाकडी फळ्या घालतात आणि भिंतीपासून हवा खेळेल एवढे अंतर सोडतात. तंबाखूच्या वखारींसाठी ओळखल्या जाणाऱ्या निपाणीच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. घरच्या गॅरेजलाही तोच नियम लावावा.

पहिला दिवस: सगळे बाहेर

या कामाला दोन मुहूर्त चांगले. एक मे महिन्यात, वळवाच्या सरी चुकवून. दुसरा नवरात्रात, खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी. खंडेनवमीला आपण हत्यारे आणि गाड्या धुऊन पुसून पुजतोच. त्या निमित्ताने घरातली सगळी माणसे हाताशी असतात.

सकाळी लवकर सुरुवात करून गॅरेज पूर्ण रिकामे करा. थोडे इकडचे तिकडे सरकवून काही होत नाही. अंगणात किंवा परड्यात ताडपत्री पसरा आणि वस्तूंचे चार ढीग करा.

पहिला ढीग ठेवायच्या वस्तूंचा: गाडीचे सामान, हत्यारे, बागेची अवजारे, शिडी, सणांचे साहित्य.

दुसरा ढीग घरात परत न्यायच्या वस्तूंचा. कागदपत्रे, फोटोंचे अल्बम, पुस्तके, गाद्या आणि लोकरीचे कपडे यांना गॅरेजमध्ये जागा नाही. एका पावसाळ्यात त्यांना कसर लागते.

तिसरा ढीग द्यायच्या वस्तूंचा. चालू स्थितीतली सायकल, पाळणा, शाळेची पुस्तके, जादा भांडी कुणाच्या तरी उपयोगाला येतात. मात्र मोडलेली वस्तू देऊ नका. घेणाऱ्याचा मान राखायला हवा.

चौथा ढीग भंगाराचा. लोखंड, पत्रा, प्लास्टिक, रद्दी वेगवेगळे करून दिले तर भावही बरा मिळतो. गाडीची किंवा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडे जमा करा, तिचे पैसे वळते होतात. तिच्यात शिसे आणि आम्ल असते, म्हणून ती उघड्यावर फोडायला देऊ नका. बंद पडलेले टीव्ही, मिक्सर आणि संगणक ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावेत.

एखाद्या वस्तूवर घरात वाद झाला तर एक साधा प्रश्न विचारा: गेल्या दोन पावसाळ्यांत ही वापरली का? उत्तर नाही असेल आणि ती वस्तू बाजारात सहज मिळत असेल, तर ती जाऊ द्या. आईवडिलांच्या आठवणीची वस्तू असेल, तर तिला घरात मानाची जागा द्या. गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडणे हा त्या वस्तूचा सन्मान नाही.

काही वस्तूंबद्दल वेगळे सांगायला हवे. उरलेल्या फरश्या सगळ्या टाकू नका. त्याच छटेची फरशी पुढे मिळत नाही, म्हणून प्रत्येक प्रकारच्या आठ-दहा जपून ठेवा आणि त्या आडव्या न रचता उभ्या ठेवा. रंगाच्या डब्याच्या झाकणावर छटेचा क्रमांक, खोलीचे नाव आणि तारीख लिहा. आतला रंग सुकला असेल, तर क्रमांक वहीत उतरवून डबा काढून टाका. सिमेंटचे उघडे पोते ठेवण्यात अर्थ नाही. ओल लागली की त्याच्या गुठळ्या होतात आणि तीन महिन्यांत ताकद घटते. जुने टायर आणि उघडी पिंपे पावसाळ्यात डेंगीच्या डासांची पैदास करतात. ती आधी हलवा.

मग जागा मोजा

रिकामे गॅरेज झाडून घ्या, भिंतींना चुना किंवा रंग द्या, गळती असेल तर बुजवा. त्यानंतर टेप आणि खडू घेऊन गाडी आत उभी करा आणि तिची चौकट जमिनीवर आखा. दारे उघडून तीही आखा. ही पाच मिनिटांची मेहनत पुढचे हजारो रुपये वाचवते.

समजा गॅरेज १० फूट रुंद आणि १८ फूट लांब आहे. छोटी गाडी साधारण पावणेसहा फूट रुंद आणि १३ फूट लांब असते. म्हणजे रुंदीत सव्वाचार फूट उरतात. चालकाला दार उघडून उतरायला अडीच फूट सोडले की दुसऱ्या बाजूला पावणेदोन फूट राहतात. तिथे १२ इंच खोलीचा रॅक भिंतीपासून ३ इंच सोडून बसतो आणि गाडीला सहा इंच मोकळे राहतात. त्या बाजूचा आरसा मिटवावा लागेल आणि शेजारी बसलेल्या माणसाला बाहेरच उतरावे लागेल, पण गाडी आणि सामान दोन्ही आत मावतात. याच भिंतीला दीड फूट खोलीचा रॅक घेतला, तर गाडी घासून आत घ्यावी लागेल. दुकानात उभे राहून अंदाजाने रॅक घेणाऱ्यांचे नेमके इथेच फसते.

लांबीत पाच फूट उरतात. शटरच्या बाजूला एक फूट सोडला, तरी समोरच्या भिंतीला दीड फूट खोलीचा मोठा रॅक लागतो आणि त्याच्यासमोर उभे राहायला सव्वादोन फूट मिळतात. जड आणि मोठे सामान याच रॅकवर जाईल. पुढचे चाक जिथे थांबले पाहिजे तिथे जमिनीत लाकडाचा किंवा रबराचा अडथळा ठोकून घ्या, म्हणजे गाडी रॅकला धडकणार नाही. गाडीऐवजी दुचाक्या असतील, तर हॅन्डलची रुंदी आणि स्टँड लावायची जागा धरून असेच आखा.

रॅक, भिंत आणि माळा

गॅरेजला लाकडी कपाटापेक्षा लोखंडी अँगलचा रॅक बरा. त्याला वाळवी लागत नाही, फळ्या हव्या तशा वरखाली करता येतात आणि घर बदलले तर खोलून नेता येतो. बेळगावकरांना यात एक सोय आहे. उद्यमबागेच्या परिसरात पत्र्याचे आणि फॅब्रिकेशनचे काम करणारे पुष्कळ आहेत. तुमच्या मापाचा रॅक ते करून देतात आणि कित्येकदा तो तयार रॅकपेक्षा मजबूत निघतो. मापाचा कागद सोबत न्या. एका फळीवर किती किलो वजन ठेवणार ते आधी सांगा आणि दोन हात रेड ऑक्साइड मारूनच वरचा रंग द्यायला सांगा.

रॅकची सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान सहा इंच वर असावी. तुमच्या गल्लीत पाणी साचत असेल, तर मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते ती खूण भिंतीवर रंगाने करा आणि पहिली फळी त्या खुणेच्या वर घ्या. पायांखाली कडाप्पाचे तुकडे ठेवा, म्हणजे पाय ओल्या जमिनीवर गंजणार नाहीत.

जड सामान खाली, रोजचे कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर आणि वर्षातून एकदा लागणारे सर्वांत वर, अशी मांडणी करा. रॅक भरल्यावर वरून भिंतीला नक्की जखडा. लहान मूल त्यावर चढले, तर तो पुढे कलंडू शकतो. जखडताना भिंत कशाची आहे ते पाहा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर बोल्ट चांगला बसतो. जांभ्याच्या चिऱ्यात पोकळ्या असतात, त्यामुळे छोटा प्लग लवकर सुटतो. तिथे लांब बोल्ट घ्या किंवा रॅक छताच्या तुळईला बांधा. जुन्या मातीच्या भिंतीवर वजन टांगूच नका.

माळा असेल तर त्यावर हलके आणि हंगामी सामान ठेवा: गणपतीची आरास, दिवाळीचे आकाशकंदील, किल्ल्यावरची चित्रे. चिकणमातीची किंवा प्लास्टरची चित्रे भुसा घालून झाकणाच्या डब्यात ठेवा. प्रत्येक सणाचा डबा वेगळा करा आणि बाहेर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. चतुर्थीच्या आदल्या रात्री दिव्यांच्या माळा शोधण्यात होणारी चिडचिड वाचते.

डब्यांसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. तेलाचा १५ किलोचा डबा, रंगाची २० लिटरची बादली, खिळ्यांसाठी झाकणाच्या पारदर्शक बरण्या घरात असतातच. पुठ्ठ्याचे खोके मात्र वापरू नका. ते ओल धरते, वाळवी बोलावते आणि उंदरांना घर मिळते. डब्यांवरची नावे घरातल्या प्रत्येकाला वाचता येतील अशी लिहा. कामाला येणाऱ्या मामांना कन्नड वाचणे सोपे जात असेल, तर मराठीखाली कन्नडमध्येही लिहा. वस्तू जागेवर परत येते ती नाव वाचता आल्यामुळेच.

हत्यारांचा फळा

कारखान्यांत जपानी धाटणीची एक पद्धत चालते. तिला फाइव्ह-एस म्हणतात. नको ते काढा, हवे ते जागेवर लावा, स्वच्छ ठेवा, हीच पद्धत सगळीकडे ठेवा आणि ती रोज पाळा, अशा पाच पायऱ्या. उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावात काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. त्यातली एक युक्ती घरी जरूर आणा. चार फूट बाय तीन फूट जलरोधक प्लायवूडचा फळा घ्या, त्याला पांढरा रंग द्या आणि भिंतीपासून एक इंच पुढे, डोळ्यांच्या उंचीवर बसवा. त्यावर हातोडा, पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर, करवत, टेस्टर आणि टेप आधी नुसती मांडून पाहा. जड हत्यार खाली आणि रोज लागणारे मध्ये घ्या. जागा ठरली की खिळे किंवा हुक लावा आणि प्रत्येक हत्याराभोवती काळ्या रंगाने त्याची आकृती आखा. संध्याकाळी फळ्याकडे एक नजर टाकली की कोणते हत्यार परत आले नाही ते लगेच कळते. शेजाऱ्याने काही मागून नेले, तर त्या आकृतीवर नावाची चिठ्ठी लावा.

फावडे, कुदळ, खोरे, पहार यांसाठी भिंतीवर आडवी पट्टी लावून हुक बसवा आणि पाते वर राहील अशी टांगणी टाळा. पाते डोक्याच्या उंचीवर येऊ नये. पावसाळ्यापूर्वी लोखंडी भागावर मशीनचे तेल फिरवा. लाकडी दांड्यांना जवसाचे तेल पाजले, तर ते तडकत नाहीत. एक सावधगिरी मात्र बाळगा. जवसाच्या तेलाचे फडके गुंडाळून टाकले, तर ते आतून तापत जाऊन आपोआप पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

आग आणि विष

गॅरेज आवरण्याचे खरे कारण सुरक्षितता हे आहे. पेट्रोल, थिनर आणि रॉकेल यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही भडकते. कायद्याने विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते, पण घरच्या गॅरेजला एवढ्याची काहीच गरज नाही. पंपाच्या किंवा गवत कापण्याच्या यंत्राच्या कामापुरते, धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, शटरजवळ ठेवा. ते स्विचबोर्ड, इन्व्हर्टर आणि चार्जिंगच्या जागेपासून दूर असावे. गॅसचा जादा सिलिंडर बंद गॅरेजमध्ये ठेवू नका, कारण गॅसही खाली साचतो.

इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. तिच्यावर फळी बसवू नका आणि जवळ हवा खेळती ठेवा. विजेची स्कूटर चार्ज करायची असेल, तर वेगळा सॉकेट आणि अर्थिंग घ्या. लोंबणाऱ्या एक्स्टेंशनवर हे काम करू नका. शटर बंद करून गाडीचे इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दाराजवळ एबीसी प्रकारचे अग्निशामक नळकांडे टांगा आणि ते वापरायचे कसे, ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या भागांत शेतीचे सामानही घराच्या शेडमध्येच असते, आणि तिथे कीटकनाशके असतात. त्यांच्या लेबलवरचा त्रिकोण लाल असेल, तर ते औषध अत्यंत विषारी असते. पिवळा, निळा आणि हिरवा हे त्याखालचे क्रमाने कमी विषारी गट. रंग कोणताही असो, औषध कुलपाच्या पेटीत आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. ते मूळ बाटलीतच राहू द्या. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत औषध ओतून ठेवल्याने माणसे दगावतात. फवारणीचा पंप, हातमोजे आणि माप घ्यायचा डबा वेगळ्या खणात असावा. जनावरांचा पेंड-भुसा आणि धान्य यांच्या शेजारी औषध कधीच ठेवू नका.

उंदीर, वाळवी आणि साप

अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप येतात. आपल्या भागात धामण निरुपद्रवी असली, तरी नाग, घोणस आणि मण्यार विषारी आहेत. विटा, लाकडे आणि फरश्यांचा ढीग गॅरेजच्या दाराशी कधीही रचू नका. शटरखालच्या फटीला रबराची पट्टी लावा, जाळीदार झरोक्यांची जाळी शाबूत ठेवा आणि धान्य आत साठवू नका. अंधारात हात घालण्याआधी टॉर्च मारा आणि बूट झटकून घाला. साप चावला तर गावठी उपायांत वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठा. बेळगावला बिम्सचे सरकारी रुग्णालय आहे.

वाळवीची मातीची नळी भिंतीवर दिसली, तर नुसती पुसून थांबू नका. ती कुठून येते ते शोधा, जमिनीचा तो सांधा बुजवा आणि गरज पडल्यास जाणकाराकडून औषध मारून घ्या. पावसाळ्यात चार दिवसांनी ऊन पडले की तासभर शटर पूर्ण उघडे ठेवा. हवा खेळली की निम्मी बुरशी तशीच थांबते.

आवरलेले टिकवायचे कसे

एकदा लावलेले गॅरेज पुन्हा बिघडू नये, म्हणून तीन सवयी लावा. नवी वस्तू आत आली की तशीच एक जुनी बाहेर जावी. ज्या वस्तूची जागा ठरलेली नाही, ती दारातूनच परत फिरवावी. "जरा तात्पुरते ठेवतो" हे वाक्य घरात कुणीही बोलू नये, कारण तात्पुरते ठेवलेल्या वस्तूच वर्षभर पडून राहतात. शिवाय वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि खंडेनवमीला, सगळे उघडून एकदा नजर फिरवा. पहिल्या वेळी दोन दिवस लागले, तरी पुढच्या वेळी एक सकाळ पुरते.

हे काम एकट्या बाईवर किंवा एकट्या वडिलांवर टाकू नका. कोणती वस्तू कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असले, तरच ती जागेवर परत येते. मुलांना खिळ्यांच्या बरण्या लावायला द्या आणि आजोबांना हत्यारांचा फळा आखायला सांगा. कोणता पाना कोणत्या नटाला लागतो, ते त्यांच्याइतके चांगले कुणी सांगणार नाही.

यंदा मृग लागण्याआधी एक शनिवार-रविवार राखून ठेवा. रॅक घ्यायची घाई करू नका, आधी टेप आणि खडू घ्या. पाऊस सुरू होईल तेव्हा तुमची गाडी छपराखाली असावी, हत्यारे फळ्यावर असावीत आणि औषधे कुलपात असावीत. एवढे झाले, तर तुमचे दोन दिवस सार्थकी लागले असे समजा.